ऊन उत्तरेचं

९ जानेवारी

तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा ऑरिन म्हणतो, "तूच वाच ना, शिंगरू." तूच वाच! घरातला शिकलेला कोण? हा माझा भाऊ. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सहावीतून दप्तर कुणी टांगलं? मी. शाळेचा माणूस दोनदा चौकशीला आला, तर बापाने त्याला कुत्रं दाखवलं. ऑरिन मात्र बारावीपर्यंत गेला. आजवर या घरातलं सगळं वाचन त्याचं. बँकेचं, सरकारचं, मेंढ्यांच्या औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. मी बोलते तसं वेडंवाकडं लिहिते तेवढंच; दुसऱ्याचं छापील पुढे आलं की अक्षरं पळतात. आणि आता एवढा मोठा कागद आला, आयडाहोतून न्यूझीलंडला रायफल न्यायचा, तर हा बाबा खुर्चीत मागे रेलून म्हणतो, तूच वाच.

मुद्दाम करतो. मला खाली बघायला लावायचं.

ही वही मेंढ्या मोजायची आहे, मागची पानं कोरी होती. टेट म्हणून तिकडचा वाटाड्या आहे, तो आम्हाला डोंगरात नेणार. फोनवर म्हणाला, रोज किती चढलात आणि पाठीवर किती ओझं होतं ते लिहून ठेवा. म्हणून लिहिते. राग आला तर तोही लिहीन. वही माझी आहे.

आज: पंचवीस पौंड. मागच्या टेकडीवर एकदा.

१४ जानेवारी

टेटचा फोन. मी म्हटलं, "ऑक्टोबरात येतो आम्ही. तेव्हा मेंढ्या डोंगरावरून खाली आलेल्या असतात, आणि शिकारीचे दिवसही तेच."

तो म्हणतो, "तुमच्याकडचे, थेडा. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे वसंत. थारची आयाळ गळून गेलेली असते. हजारो मैल येऊन ओला कुत्रा बघून जाल. मे-अखेरीला या. तेव्हा थंडी, आणि बोकड माद्यांच्या मागे वेडे झालेले."

"मे-अखेरीला थंडी?"

"इकडे सगळं उलटं आहे."

असेल बुवा. मे तर मे. तोवर कोकरं आईमागे पळायला लागलेली असतात. पोस्टातली मार्वा म्हणाली, तिचा नवरा तीन आठवडे मेंढ्या बघेल.

थार हा रानबोकड. मानेभोवती सिंहासारखी आयाळ, कड्यावर माशीसारखा चिकटून उभा. मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून त्याला ओळखते. खोगिरांच्या खोलीत चारा विकणाऱ्या कंपनीचं कॅलेंडर आहे, एकोणऐंशी सालचं. जून महिन्यावर हा बोकड. वर्षं गेली, बाप गेला, माझा नवरा गेला, ते पान कुणी काढलं नाही. ऑरिनने तेव्हा मला चित्राखालचं वाचून दाखवलं होतं: हा न्यूझीलंडच्या डोंगरात असतो. याला गाठायचं तर दोन माणसं लागतात. एक बघणारा, एक चढणारा. एकट्याने जाऊ नये.

तेव्हापासून तो बघणारा, मी चढणारी. हरीण असो नाहीतर एल्कसारखं दांडगं सांबर, पंचेचाळीस वर्षं हेच. तो दुर्बिणीला डोळा लावून बसतो, सापडलं की हाताने खुणा करतो, आणि मी वर जाते. मी रायफलमागची बाई आणि तो माझ्यामागचा डोळा. आता नाही गेलो तर कधी? मी छप्पन्न, तो अठ्ठावन्न.

२२ जानेवारी

तीस पौंड, दोनदा. गुडघा बरा आहे.

ऑरिनने त्याची दुर्बीण मला दिली. तिपाईसकट. ज्या दुर्बिणीला मी हात लावला तर बोटं मोडीन म्हणायचा, ती. म्हणे, "तासन् तास डोळा लावून बसायचा कंटाळा आलाय. तू शीक आता." मी म्हटलं, "आणि तू काय करणार? भजनं म्हणणार?" तर हसला नुसता.

गेल्या पानगळीत त्याच्यासमोरून एल्कचा कळप गेला आणि हा बसून राहिला. मला म्हणाला, धुकं होतं. कसलं धुकं! तेव्हापासून मला वाटतंय, याचा शिकारीतून जीव उडालाय. म्हातारा झाला की काही माणसं मऊ पडतात.

२ फेब्रुवारी

आज माझं हसं झालं.

टेटने नकाशा पाठवलाय, त्याच्या ओढ्याचा आणि वरच्या झोपडीचा. नकाशा मला कळतो. अक्षरं नाही कळली तरी डोंगराच्या रेघा कळतात. लाल पेन्सिल घेऊन बसले दोन दिवस. थंडीत जनावर उन्हाला येणार, ऊन दक्षिणेच्या उताराला. उत्तरेच्या बाजूला बर्फ आणि काळी झाडी, तिकडे कोण मरायला जातंय! हे मला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या दरीत मेंढीसुद्धा जाणते. सगळे दक्षिण उतार लाल केले आणि ऐटीत टेटला फोन लावला. अमुक घळीत बसायचं, तमुक खांद्यावर चढायचं.

तो पलीकडे एवढा हसला की मला वाटलं फोन बिघडला.

"थेडा, तुम्ही आम्हाला बर्फात गोठवणार! आमचं ऊन उत्तरेचं असतं."

"सूर्य काय तिकडे दुसरा आहे?"

"सूर्य तोच. तुम्ही दुसरीकडे आहात."

फोन ठेवला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. दुपारची वेळ. तोंड सूर्याकडे केलं, म्हणजे दक्षिणेला. डाव्या हाताला सूर्य उगवतो, उजव्या हाताला मावळतो. आयुष्यभर असंच. तिकडे तोंड सूर्याकडे केलं तर तो उजवीकडून येऊन डावीकडे जाणार. डोकं गरगरलं. डोंगर मला पाठ आहेत असं मी समजत होते. मला फक्त आमचे डोंगर पाठ आहेत.

ऑरिनने मग बटाटा घेतला. "हा बघ, ही पृथ्वी. इथे आपण. टाचणी टोच." मी म्हटलं, "तूच टोच, शिकलेला आहेस." म्हणाला, "टोच ग, तुझ्या हाताने टोचलंस की लक्षात राहील." एक टाचणी वर टोचली, एक खाली, आणि त्याने बटाटा दिव्यापुढे धरून फिरवला. असं समजावतो की लहान पोरालाही कळावं. डोकं आहे त्याला. मग तो कागद भरायला काय धाड भरलीय?

लाल खोडून सगळं परत काढलं. आता उत्तर उतार लाल.

११ फेब्रुवारी

बर्फ. टेकडी बंद. जिन्यावर चाळीस वेळा, तीस पौंड घेऊन. ऑरिन म्हणाला, "घर पाडशील."

पोस्टात पिकअप मी चालवत नेली. हल्ली मीच चालवते, त्याचा गुडघा क्लचला दुखतो म्हणे. टपालात लांब पाकीट होतं, त्याच्या नावाचं. "कुठून आलंय?" त्याने विचारलं. मी अक्षर अक्षर जोडून वाचलं, आयडाहो फॉल्स. "जाहिरात असेल. टाक शेगडीत." टाकली. चांगली जळली. मला बरं वाटलं की गावाचं नाव मी आपलं आपण वाचलं.

२७ फेब्रुवारी

रायफलचा अर्ज संपवला. माझा. तेरा दिवस लागले. दुपारच्या जेवणानंतर मी मोठ्याने वाचायचं आणि त्याने डोळे मिटून ऐकायचं, मास्तरासारखं. अडले की म्हणतो, "परत वाच. पहिलं अक्षर कोणतं? मग पुढचं." मी म्हटलं, "तू हातात घेऊन वाचलंस तर दोन मिनिटांत होईल." म्हणतो, "मग तू शिकणार कधी?"

छप्पन्नाव्या वर्षी! मेंढी लोकर देऊन झाली आणि आता तिला नाचायला शिकवतोय.

पण खोटं कशाला लिहू. कालपासून चारा-पोत्यावरचं पण वाचता येतंय. मिठाच्या ठोकळ्यावरचं पण. सगळीकडे काही ना काही लिहिलेलं आहे, हे मला माहीतच नव्हतं.

त्याचा अर्ज तसाच. "माझी सही नंतर." माझ्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली तीही रेघ सोडून, वरच्या ओळीवर चढलेली. मी म्हटलं, दारू प्यायलास का? त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि मेंढ्यांकडे निघून गेला.

९ मार्च

एकोणनव्वद माद्या व्यायल्या. झोप नाही, चढाई नाही. गोठ्यातच दिवसाला दहा मैल होतात.

आज ऑरिनला खूप बोलले. आम्ही व्यालेल्या मेंढीच्या कुशीवर निळ्या रंगाने आकडा घालतो, तोच तिच्या कोकरांवर. कोण कुणाचं ते कळायला. त्याने छत्तीसचं कोकरू शहाऐंशीच्या खणात टाकलं. शहाऐंशीने ते धडका मारून मारून अर्धमेलं केलं. कोकरू आता शेगडीपाशी खोक्यात आहे, जगेल.

मी म्हटलं, "एवढे मोठे आकडे! तीन आणि आठ कळत नाही तुला?"

"घाई झाली."

"घाई कुठली? लक्ष कुठे असतं तुझं? आणि बोलताना माझ्याकडे सरळ बघ!"

ही नवी खोड. हल्ली माझ्याकडे बघायचं तर मान वळवून, कडेने बघतो, कोंबडी दाणा बघते तशी. मी काहीतरी घाण वस्तू असल्यासारखं. तो म्हणाला, "बघतोय की." आणि बघत होता दाराच्या चौकटीकडे.

उद्यापासून आकडे वीतभर मोठे घालायचे. ब्रश मी धरणार.

१६ मार्च

टेटने बजावलंय, बुटांना चिमूटभर माती नको, बी नको, लोकर नको. विमानतळावर बूट उलटे करून बघतात आणि घाण दिसली तर अडवून ठेवतात. शेतावरून आलोय हे कागदावर खरं लिहायचं. माझ्या बुटात तर अख्खं शेत आहे. ब्रश, साबण, टोचा घेऊन अंगणात बसलो दोघं.

मी घासून घासून चकचकीत केले आणि त्याच्यापुढे टाकले. त्याने बोट फिरवलं आणि शिवणीतून एक कुसळ काढलं. मग दुसरं. मग जिभेच्या आतून तीन. बुटाकडे बघतही नव्हता, समोर डोंगराकडे तोंड. सात कुसळं काढली. मी म्हटलं, "डोळे आहेत का काय आहे बोटांना?" त्याने बूट परत माझ्याकडे सरकवला.

त्याने स्वतःचे बूटही घासले. म्हणजे येणार आहे. तोंडाने कबूल करत नाही एवढंच.

२५ मार्च

नाही येणार.

कॉफी ओतत होता, कपाबाहेर गेली, माझ्या नकाशावर. मी नकाशा उचलला आणि विचारलं, आता अर्ज भरतोस की नाही. तर शांतपणे म्हणतो, "तू एकटी जा, थेडा." शिंगरू नाही. थेडा.

"एकटीने जाऊ नये. चित्राखाली लिहिलंय."

"टेट आहे ना सोबत. तो बघेल, तू चढ."

"टेट म्हणजे काय तू?"

"मला नाही जायचं. पुरे झालं."

"विमानाला घाबरतोस! सरळ सांग, घाबरतोस."

"हो," म्हणाला. "घाबरतो. झालं समाधान?"

घाबरतो म्हणाला हे खरं होतं, पण विमानाला नाही, एवढं मला कळलं. कशाला ते नाही कळलं. मी चार शिव्या दिल्या. तो टोपी घालून गेला. कुंपणाच्या तारेला हात लावून लावून गेला, जसं काही तार मोजतोय.

मी एकटी जाऊ शकते. पाय आहेत, रायफल आहे. पण वर चढून गेले आणि बोकड पडला आणि मागे वळून बघितलं, तर खाली हात हलवायला कुणीच नाही. मग ते नुसतं मटण. मला ते नको आहे.

आज पस्तीस पौंड. तीनदा. रागाने.

३ एप्रिल

लांब पाकीट परत आलं. आयडाहो फॉल्स. मी पिकअपमध्येच फोडलं. फोडायला नको होतं, नाव त्याचं होतं. पण अक्षरं समोर आली की आता वाचल्याशिवाय राहवत नाही. त्याचीच करणी.

डोळ्याच्या डॉक्टरचं आहे. तीनदा वाचलं. काही शब्द आडवे-तिडवे होते, ते मार्वाला पाकीट न दाखवता विचारले. ती म्हणाली, "अग, कुणाला झालं?" मी म्हटलं, मेंढीला.

दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. परत येणार नाही. कडेची राहील. गाडी चालवू नये. मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, कृपया भेटायला या.

मागच्या पत्राचं उत्तर कुठून येणार? मी जाळलं ते.

४ एप्रिल

चाळीस पौंड.

६ एप्रिल

धुकं. क्लच. तूच वाच. तूच टोच. छत्तीस. कोंबडी.

मी त्याला या वहीत कोंबडी म्हणाले. तो मला बघायला मान वळवत होता.

सकाळी गोठ्यात म्हटलं, "ऑरिन, बोलायचंय." तो बादली घेऊन उठला. जेवताना म्हटलं, तर जेवण टाकून उठला. पत्राचं मी अजून बोललेले नाही, नुसतं "बोलायचंय" म्हटलं तरी निसटतो. गर्व आहे. आमच्या घरात तो सगळ्यांना आहे.

मग टेटला फोन केला. म्हटलं, "माझ्या भावाला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. न्यायचं आहे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग विचारलं, "चालता येतं?"

"माझ्यापेक्षा चांगलं. पुढे कुणी असलं की तेवढं बस."

"ओझं?"

"माझं उचलून वर स्वतःचं."

"झोपडीपर्यंत नदी चार वेळा ओलांडायची आहे. कड्याखाली दगड सुटे आहेत. मी गंमत म्हणून सांगत नाही."

"नदी मी पण आंधळीच ओलांडते, पाणी गढूळ असतं."

हसला. मग म्हणाला, "माणसं दोन, रायफल एक. माझ्या आणि तुमच्यामध्ये चालतील. पण हे त्यांनी स्वतः सांगायला हवं, थेडा. तुम्ही नाही. आणि पंधरा तारखेच्या आत, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाईल."

१० एप्रिल, गुरुवार

खोगिरांच्या खोलीत गेले. थारचं पान खाली काढलं, पुसलं आणि पंचेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा त्याच्याखालचं स्वतः वाचलं.

हिमालयातला थार, न्यूझीलंड. खाली चाऱ्याच्या कंपनीचं नाव, फोन नंबर. बस.

दोन माणसांचं कुठेच नाही. बघणारा नाही, चढणारा नाही, एकट्याने जाऊ नये हेही नाही. पालथं करून मागे बघितलं. जुलै महिना, एक ट्रॅक्टर.

बनवून सांगितलं होतं. तेरा वर्षांच्या पोराने आपल्या अडाणी बहिणीला बनवून सांगितलं, आणि ती त्या जोरावर पंचेचाळीस वर्षं डोंगर चढली. आधी संताप आला. मग खोगिरावर बसून हसले. मग जे काही झालं ते इथे लिहिणार नाही.

त्याला एकट्याला टाकून जायचं नव्हतं मला. आणि त्याला तेव्हा मला टाकून जायचं नव्हतं.

तोंडाने बोलू देत नाही ना? ठीक आहे. गोठ्यातून निळ्या रंगाचा डबा आणला, रुंद ब्रश आणला. गोठ्याच्या मोठ्या दारावर, जिथून तो रोज सकाळी आत जातो, तिथे लिहायला घेतलं. अक्षर हातभर. दोन वेळा शिडी हलवली. रंग कोपरापर्यंत आला. दोन अक्षरं चुकली, ती तशीच ठेवली, तोच मास्तर आहे, तोच सुधारू दे.

हे लिहिलंय:

ऑरिन
पत्र वाचलं
चित्राखाली दोन माणसांचं काही लिहिलेलं नाही
खोटारड्या
तिकडे सगळं उलटं आहे, ऊनसुद्धा
तर आपणही उलटे
मी बघणार, तू ओझं घेऊन चढणार
पुढे टेट, मागे मी

याखाली अजून एक ओळ आहे, शेवटची. तिला रंग कमी पडत होता, म्हणून डब्यात तळाला होता तो सगळा तिथेच ओतला. ती ओळ सगळ्यात जाड झाली आहे. रस्त्यावरून जाणारी मार्वासुद्धा वाचेल. वाचू दे.

आता स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून लिहितेय. तो कोकरांना दूध पाजून येतोय. दारापुढे थांबलाय. मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. थोडा मागे सरकला. परत मान वळवली. एक एक ओळ घेतोय, मला शिकवलं तसं, पहिलं अक्षर, मग पुढचं. बोट हवेत चाललंय त्याचं.

शेवटच्या ओळीपाशी पोचला. ती अशी आहे:

रविवारपर्यंत उत्तर पाहिजे. हो की नाही. तोंडाने.